एका दिवसाचं बीड

प्रिय मोहिनी,

तुझा निरोप मिळाला. त्रिंबकच्या फोनवर तुझा आवाज आला आणि त्यानं तो ओसरीवर बसून सगळ्या वाडीला ऐकवला. "वनमाले, तुजी पुन्याची मैत्रीन लई मोठी झाली, बायांची गाडी घिऊन फिरती" असं चार माणसांत म्हणाला. दसऱ्यानंतरच्या रविवारी सहलीच्या बायकांना बीडला आणते, एका दिवसात बघण्यासारखं आणि खाण्यासारखं काय ते सांग, असं तू विचारलंस. फोनवर मी नुसतं "ये, कळवते" म्हटलं, कारण फोन नवऱ्याच्या हातात आणि कान सगळ्यांचे. आता कागदावर सांगते. मोहिनी, तू ये. गाडी भरली नाही तरी ये, चारच बायका निघाल्या तरी ये, घरी काय कारण सांगायचं ते सांग आणि ये. पत्र वाचून मग ठरवू नकोस. आधी यायचं ठरव आणि मग पुढचं वाच.

नगरला मुक्काम करून निघणार म्हणालीस, म्हणजे जामखेड, पाटोदा करत याल आणि बीडच्या आधी आमचं मांजरसुंबा लागेल. धाब्यावरच न्याहारी करा. बायकांना धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी खायला घाल, पुण्याच्या बायकांना सोसेल इतपत तिखट करायला मी सांगेन. मांजरसुंब्याची रबडी तर तुला मी सांगायला नको. गेल्या वर्षी तू त्या रबडीसाठीच थांबली होतीस, आणि चुलीपुढं उभी असलेली धुरकटलेली बाई म्हणजे शिरूर कासारच्या शाळेत तुझ्या शेजारी बसणारी वनमाला, हे तुला ओळखू आलं नव्हतं. मी मात्र तुझ्या हसण्यावरून तुला ओळखलं. तू अजून तशीच हसतेस, सगळ्या धाब्यानं वळून बघावं अशी. तेव्हा माझी सुनिता शाळेतून तिथंच आली होती. पुढं काय व्हायचंय असं तू तिला विचारलंस, आणि "आधी दहावी तर होऊ द्या मावशी" असं ती फटकन बोलली. तुला ते फार आवडलं होतं. तिची दहावी यंदा आहे.

तुमच्या गाडीत वाट दाखवायला मी सुनितालाच देणार आहे. त्रिंबकनं हो म्हटलंय. न्याहारी झाली की तिला घ्या आणि सरळ बीडचा रस्ता धरा. शहराच्या अलीकडंच खजाना बावडी लागते. विहीर म्हणायची, पण आत दगडी कमानी आहेत, बसायला गारवा आहे, आणि केवढाही दुष्काळ पडला तरी तिचं पाणी हलत नाही म्हणतात. आमच्या वाडीत उन्हाळ्यात टँकरमागं धावणाऱ्या बायकांना ही गोष्ट सांगितली की त्या हसतात. सुनिता शाळेच्या सहलीला तिथं गेली होती, पाणी कुठून येतं न् कुठं जातं ते ती तुम्हाला नीट समजावून देईल. घरी आल्यावर तिनं तव्यावरच्या भाकरीवर बोटानं ते पाट काढून मला दाखवले होते आणि भाकरी करपली म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. अशी पोरगी आहे ती. तिच्यात जीव अडकलाय माझा, हे तुला वेगळं सांगायला नको.

त्रिंबक सहजासहजी हो म्हणाला नाही बरं का. लग्नाआधी मुलीनं बीडच्या खंडेश्वरीला जाऊन देवीची ओटी भरायची असते, ते परस्पर होऊन जाईल, एस.टी.चा हेलपाटा वाचेल, म्हणून त्यानं मान डोलावली. होय, लग्न. चौसाळ्याकडचा नाथा म्हणून मुलगा आहे, सुनितापेक्षा बराच मोठा. सुपारी फुटलीय. तुमच्या रविवारनंतर तीन दिवसांनी, कुठल्या तरी आडबाजूच्या देवळात, मांडव नाही की वाजंत्री नाही, असं उरकायचं ठरलंय. आणि दिवाळीच्या तोंडावर नवरा-नवरी दोघं ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसणार.

तू शिरूरची आहेस, पण तुझे वडील मास्तर, त्यामुळं हे तुझ्या घरात कधी आलं नाही. आमच्याकडे तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळी नेणारा मुकादम धड उभं करत नाही. नाथाच्या घरचे बायको शोधत नाहीत, दुसरा अर्धा शोधताहेत. आणि आमच्या घरचं दुखणं असं की गेल्या साली सुनिताची शाळा बुडू नये म्हणून मी धाब्यावर काम धरून मागं राहिले. त्रिंबक एकटा गेला. सगळा हंगाम दुसऱ्यांच्या जोडीत मोळ्या वाहत राहिला, टोळीतली पोरंसुद्धा त्याला "अर्ध्या" म्हणून हाक मारायची. तो वाईट माणूस नाही गं. परत आला तेव्हा माझ्याशी भांडलासुद्धा नाही. यंदा मी त्याच्याबरोबर जायलाच पाहिजे. मग सुनिताला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि वयात आलेली पोर उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत नेऊन झोपवायची तरी कशी? त्याच्या डोक्यात याला एकच उत्तर आहे. "नवऱ्याच्या सावलीत ऱ्हाईल, आपल्याला घोर न्हाई," म्हणतो. मी रडले तर "काहून रडती, तुजं न्हवतं का झालं याच वयात?" म्हणतो. झालं होतं. म्हणूनच रडते, हे त्याला कसं सांगू?

बरं, सहलीचं राहिलं. बीडात शिरल्यावर आधी कारंज्याकडच्या जुन्या बाजारात जा. तिथं खिचडी आणि तिच्यावर ओतायचा चिंचेचा खट्टा मिळतो, उशीर केलात तर संपतो. निजामाच्या वेळेपासूनच्या खाण्याला बायका नाकं मुरडतील, पण एकदा चाखली की ताट पुसून खातील. रस्त्यात डोंगरातली सीताफळं टोपल्यांनी विकायला बसलेली असतात, डोळे उघडलेली घे, तीच गोड निघतात. दुपारी काळ्या मसाल्याचं मटण आणि ज्वारीची भाकरी. जेवून सुस्तावण्याआधी शहिनशाहवलींच्या दर्ग्याची टेकडी चढा. तिथून सगळं बीड आणि बिंदुसरा नदी दिसते. दर्ग्यात माझ्या नावानंही फुलं वाहा. मी यंदा एकही देव सोडलेला नाही, मग तिथल्या बाबांना तरी का वगळू?

देवांबरोबर माणसंही करून पाहिली. अंगणवाडीच्या भिंतीवर बालविवाह थांबवण्याचा फोन नंबर लिहिलेला आहे. पलीकडच्या वस्तीतल्या म्हाळूच्या पोरीसाठी गेल्या साली कुणीतरी तो फिरवला होता. लोक आले, समजावलं, बापाकडून लिहून घेतलं आणि गेले. आठवड्यानं दुसऱ्या तालुक्यात नेऊन लग्न लावलंच, आणि पोरीनंच फोन केला असेल म्हणून तिला मारलं ते वेगळं. माझी सुनिता इथंच घरच्यांच्या हाताशी राहिली तर तिचंही तेच होईल. तिला पुण्याला शिकायला ठेवू, असंही तुझं नाव न घेता माझं त्रिंबकला विचारून झालं. "आपून गरीब हाव, पन शब्द फिरवनारे न्हाई," एवढं बोलून तो उठून गेला. दोन दिवस जेवला नाही.

सगळ्यात मोठी अडचण सुनिताच आहे. मला वाटलं होतं पोर आकांत करेल. तर तिनं दप्तर गुंडाळून फळीवर ठेवलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुमी नका घोर करू, मी जाते." बापाला अर्ध्या म्हणून हाक मारतात हे तिनं ऐकलंय. मी काही बोलायला गेले की कानावर हात ठेवते. माझ्या सांगण्यानं ती लग्न मोडणार नाही. तुझ्या सांगण्यानं कदाचित ऐकेल, तुझ्या कौतुकाचं ती अजून मैत्रिणींना सांगत असते.

म्हणून कंकालेश्वर शेवटी ठेवा. तळ्याच्या मधोमध उभं असलेलं काळ्या दगडाचं देऊळ आहे. बाहेरच्या भिंतीवर हातात शस्त्रं घेतलेल्या बायका कोरल्या आहेत, तुझ्या बायका फोटो काढण्यात रमतील. तेवढ्यात सुनिताला पायरीवर बसव आणि तूच तिला सांग. सांग की आईनं पाठवलंय, आईच यंदा बाबांबरोबर फडात जाणार आहे, बाबांचा कोयता पुरा होणार आहे. बापासाठी तिला आता काही करायचं उरलेलं नाही. तिनं फक्त परीक्षेला बसायचं. खंडेश्वरीला जायचंच नाही; ओटीची पिशवी मी तुझ्याच हातात देईन, तिच्यात नारळ-खणाच्या खाली मी सुनिताची पुस्तकं आणि दोन ड्रेस घातलेत, ते तिला तेव्हाच दाखव. रडली तर रडू दे, पण गाडीत बसव.

आणि मोहिनी, संध्याकाळी परत फिरताना मांजरसुंब्याला येऊ नका. परत येताना सुनिताला सोडायला थांबू तेव्हा रबडी खाऊ, असं सकाळी तू सगळ्यांदेखत म्हण, पण गाडी गेवराईवरून शेवगावला काढ आणि तशीच नगर, पुणे गाठ. वाटेत कुणी अडवलं, पोरगी कुणाची म्हणून विचारलं, तर हे पत्र दाखव. त्यासाठीही हे फोनवर न सांगता लिहिलंय: सुनिता त्रिंबक हिची आई मी, मीच तिला माझ्या मर्जीनं मोहिनीकडं शिकायला पाठवलं, यात मोहिनीचा दोष नाही. घरी जे व्हायचं ते माझ्यावर होऊ दे. माझ्या वाट्याला आजवर जे आलं त्यापेक्षा ते जड नसेल. त्या संध्याकाळी मी आणि त्रिंबक रस्त्याच्या कडेला तुमच्या गाडीची वाट बघत उभे असू. तो पुन्हा पुन्हा विचारेल, आणि मी प्रत्येक वेळी "येतीलच आता" म्हणेन, म्हणजे तुम्हाला लांब जायला वेळ मिळेल. प्रत्येक गाडीचा दिवा दिसला की मला वाटेल, तुझं मन बदललं आणि तू तिला परत घेऊन आलीस. तू येऊ नकोस, मोहिनी.

तुझ्या भरवशावर उभी,
तुझीच वनमाला