धाकट्याच्या वाढत्या फीचे शेअर्स

मी, खाली सही करणारा निवृत्त दंतवैद्य, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. दडपण आहे. माझा मुलगा एजंटाला घेऊन दाराबाहेर उभा आहे. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि त्याआधी सगळे शेअर्स विकून पैसे एजंटाच्या कंपनीत घालण्याच्या कागदावर त्याला माझी सही हवी आहे. मी आतून कडी लावली आहे. दोन्ही साक्षीदार समोर बसले आहेत.

१. राहते घर मुलाला. गळक्या गच्चीसकट.

२. दवाखान्यातली खुर्ची समोरच्या दंतवैद्याला. माझे पेशंट त्याने पळवलेच आहेत, आता खुर्चीही न्यावी.

३. सर्व शेअर्स माझ्या धाकट्या भावासाठी एका विश्वस्त निधीत ठेवावेत. तो एकसष्ट वर्षांचा आहे, समज सहा वर्षांच्या मुलाची. तो ज्या संस्थेत राहतो तिची फी दरवर्षी वाढते. ठेवीचे व्याज वाढत नाही, हे मला उशिरा कळले. तेव्हापासून मी दरवर्षी लाभांश वाढवणाऱ्या कंपन्यांचेच शेअर्स घेत आलो. वाईट वर्षातही ज्यांनी लाभांश कापला नाही, कर्ज काढून वाटला नाही आणि निम्मा नफा धंद्यात ठेवला, अशा. सगळ्या एकाच धंद्यातल्या नाहीत. भाव पडला म्हणून यातले काही विकू नये. लाभांश कापला, तर मात्र चौकशी करून विकावे.

एजंट बाहेरून ओरडतो आहे, "डॉक्टर, आमच्या कंपनीत आजच अकरा टक्के मिळतात!"

मिळत असतील. त्या कंपनीचा भाव निम्म्यावर आला आहे, म्हणून लाभांशाचा टक्का फुगला आहे. सुजलेल्या हिरडीला मी कधी बाळसे म्हटले नाही.

४. निधीची विश्वस्त माझी मुलगी. तिचा हात आखडता आहे, याबद्दल मी तिला आयुष्यभर टोमणे मारले. आता तोच हात हवा आहे. लाभांश निधीच्या खात्यात यावा आणि तिथून परस्पर संस्थेला जावा. उरेल त्यातून असेच शेअर्स घ्यावेत. धाकट्याच्या पश्चात शेअर्स दोघा मुलांना निम्मे निम्मे.

इथे लिहिणे थांबवावे लागले. मुलाने दारावर थाप मारली.

"बाबा, काकाला मी वाऱ्यावर सोडीन असं वाटतं तुम्हाला?"

मी उठून दार उघडले. "सोडणार नाहीस," मी म्हणालो. "विसरशील. शेवटचा कधी भेटलास त्याला?"

तो आत आला. विकण्याचा कागद त्याच्या हातातच होता. मी पुन्हा लिहायला बसलो.

५. दर रविवारी तीन वाजता मी धाकट्याला भेटायला जातो. तो जेवण झाल्यापासून फाटकाशी बसून असतो. दुसरे कोणी दिसले तरी उठत नाही. ही भेट कोणाच्या नावे करता येत नाही, वकिलांना विचारून झाले. मला तिची फार काळजी वाटते.

मुलाने हे माझ्या खांद्यावरून वाचले.

"आज रविवार आहे, बाबा."

"डॉक्टरांनी मला बाहेर पडू नको म्हणून सांगितलंय."

"म्हणजे तो आत्ता तिथे बसलाय?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याने कागद टेबलावर टाकला, गाडीची किल्ली घेतली आणि तो गेला. एजंट अजून बाहेर बसला आहे.

हे एका रविवारचे झाले. कलम तीन व चार यांत काहीही बदल नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे.

सही: निवृत्त दंतवैद्य

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळणार नाही:
१. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही)
२. कोपऱ्यावरचे घड्याळजी (सही)

ठिकाण: राहत्या घरातला माझा बंद दवाखाना
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, रविवार