डावीकडची सीट

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज आमचं दुसरं घर आलं, चार चाकांवर! क्लिफ सकाळपासून फाटकाशी उभा होता, जणू दारात वरात यायची आहे. साडेअकराला गाडी गल्लीत वळली आणि शेजारच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. गाडीत सगळं आहे. दोन शेगड्या, पत्र्याची किटली, रात्री पलंग होणारं टेबल, आणि कपाटाएवढा संडास, ज्यात क्लिफला पोट आत ओढूनच वळावं लागतं. पडदे कुणीतरी हाताने शिवलेत, टाके इतके सारखे की आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनीही नावं ठेवली नसती.

विकणारे मि. ओल्डरॉइड स्वतःच गाडी घेऊन आले. विधुर, अबोल माणूस. चहा नको म्हणाले, पण कुठे फिरणार हे मात्र दोनदा विचारलं. क्लिफने सांगितलं, इथेच, इंग्लंडात, लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्याकाठी. खरा बेत आधी सांगितला की फिसकटतो, ही त्याच्या आईची शिकवण. ते ऐकून म्हातारबाबांचा चेहरा सैलावला. "मग काही हरकत नाही," म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

पुढचं डावं दार बाकी गाडीपेक्षा जास्त पांढरं आहे. नवं बसवलं असावं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

घरात टेबल असताना आम्ही अंगणात उभ्या गाडीत बसून बेत आखतो. बाहेर गारठा, आत किटली, आणि नकाशावर क्लिफची पेन्सिल. पोर्ट्समथहून बोटीने फ्रान्समधलं काँ, मग तूर, प्वातिए, लिमोज, तुलूझ, आणि डोंगर ओलांडून स्पेनमधलं कादाकेस. टोलचे मोठे रस्ते नकोत, म्हणतो. तसले रस्ते लँकशरमध्येही आहेत, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? मी म्हटलं, वाटेत लूर्दच्या मारियामातेपुढे मेणबत्ती लावायची. तर मला चिडवत म्हणे, सिस्टर उर्सुला, तुझ्या मेणबत्तीसाठी शंभर मैलांचा वळसा! पण पेन्सिलीने वळसा काढलाच.

शाळेत सिस्टर पर्पेचुआ फळ्यावर खडूने फ्रान्स काढायच्या, न पुसता, एका रेषेत. मी तेव्हाच ठरवलं होतं, लग्न झालं की मधुचंद्राला तिकडेच. लग्न झालं १९८३ साली. तिकिटं काढलेली असताना आई पडली आणि मी नाही म्हटलं. क्लिफने त्यावरून मला एकदाही बोल लावला नाही. आता मे महिन्यात तो सत्तरीचा होईल. मग एवढी जड गाडी चालवायला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर तो मिळायचा नाही. म्हणजे हा एकच वसंत. या वेळी मी नाही म्हणणार नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर क्लिफने माझी शाळा घेतली. आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिकडे सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. म्हणजे क्लिफ बसणार गटाराकडे आणि मी रस्त्याच्या मधोमध. पुढे ट्रक असला की समोरचं काही त्याला दिसणार नाही, मलाच दिसणार. त्याने विचारायचं, "मोकळं?" मी बघून म्हणायचं, "मोकळं!" मगच तो ट्रक ओलांडायला गाडी बाहेर काढणार. इंग्लिश खाडी ओलांडणारी आमच्याकडची सगळी जोडपी असंच करतात.

अंगणात उभ्या गाडीत तासभर सराव केला. मी डावीकडच्या सीटवरून गल्ली बघायची आणि सांगायचं. क्लिफ म्हणाला, चाळीस वर्षं तू मला कुठे वळायचं ते सांगतेसच, आता निदान कामाला येईल. त्याच्या कानात यंत्रं आहेत, त्यामुळे मला ओरडावं लागतं. खूप हसलो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा सराव. आज एक गंमत झाली. क्लिफने विचारलं, मी बघत होते, कचऱ्याची गाडी येत होती म्हणून गप्प राहिले. तर हा आपला, "थँक यू, उर्सी!" मी म्हटलं, मी कुठे काय बोलले? म्हणाला, बोललीस की. मग त्याने यंत्रांच्या बॅटऱ्या बदलल्या.

रविवार, २२ फेब्रुवारी

बॅटऱ्यांचा दोष नाही.

आज मीही ऐकलं. सायकलवरून एक मुलगी येत होती. माझे ओठ मिटलेले होते, हे मी शपथेवर सांगते. आणि माझ्याच जागेवरून, माझ्या मानेजवळून, माझाच आवाज म्हणाला, "मोकळं!" शब्दाचा शेवट थोडा वर नेत, अगदी मी नेते तसा. क्लिफने मान डोलावली. गाडी उभी होती म्हणून बरं. ती मुलगी घंटी वाजवत निघून गेली.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो बोट रद्द करेल आणि रागावणारही नाही. ते मला सोसवणार नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

क्लिफ न्हाव्याकडे गेला तेव्हा एकटीच गाडीत जाऊन बसले. त्याच्या जागेवर. हातात जपमाळ. भर दुपार. मूर्खासारखं विचारलं, "मोकळं?"

रिकाम्या सीटवरून उत्तर आलं. लगेच. आनंदाने.

सीटला हात लावून पाहिला. उबदार होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मि. ओल्डरॉइडना फोन केला. आम्ही स्पेनला निघालोय म्हटल्यावर त्यांनी तेच पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाले, बाई, तुम्ही तळ्याकाठी जाणार होतात ना? इथल्या रस्त्यावर ती गाडी निरुपद्रवी आहे हो. इथे चालवणाऱ्याला स्वतःला दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही.

त्यांची बायको एडना तिकडेच वारली, दोन वर्षांपूर्वी. त्यांनी विचारलं, एडनाने सांगितलं मोकळं आहे, त्यांनी गाडी काढली. समोरून आलेल्या ट्रकने डावी बाजू कापत नेली. रस्त्याकडेला पडल्या पडल्या ती एकच गोष्ट सांगत राहिली — मी बोललेच नव्हते, विल्फ, मी बोललेच नव्हते.

म्हणजे तो आवाज एडनाचा नाही. तो तिच्याही आधीपासून तिथे आहे. ज्या बाईची सीट, तिचा गळा घेतो.

गाडी त्यांनी कुणाकडून घेतली, ते विचारायचं धाडस झालं नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

क्लिफला सगळं सांगितलं. आधी हसला. मग मी रडले, तेव्हा हसायचा थांबला. म्हणाला, अगं, तुला खरं वाटतं ना, मग माझ्यासाठी ते खरंच. बोट रद्द करू. आणि नकाशाची घडी घालू लागला, इतक्या हळू की माझ्याने बघवेना.

मीच त्याचा हात धरला. आवाज फसवतो ना, मग आवाजच नको. गाडीत बसलं की कानातली यंत्रं काढून डबीत ठेवायची. त्यांच्याशिवाय त्याला तोफही ऐकू येत नाही. रस्ता मोकळा असला की मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवेन. हात नाही, तर गाडी हलणार नाही. क्लिफ म्हणाला, बायकोचं ऐकायचंच नाही, असा नियम चाळीस वर्षांपूर्वीच करायला हवा होता.

हसले. देवा, हे माझं शहाणपण असू दे, हट्ट नको.

बुधवार, ४ मार्च

काँ. बोटीतून उतरलो. पहिला ट्रक पुढे आला तेव्हा कानाशी "मोकळं! मोकळं!" सुरू झालं. क्लिफ शीळ घालत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसल्यावर मी हात ठेवला, आणि आम्ही ट्रक ओलांडला. दुपारी पाव, चीज, आणि क्लिफ फ्रेंचमधून गायीशी बोलला.

आपण जिंकलो, असं वाटतं.

गुरुवार, ५ मार्च

तूर. दिवसभरात सात ट्रक. आवाज सकाळी होता. दुपारनंतर नाही — एकदम गप्प.

गप्प का?

माझ्या उजव्या मनगटावर सारखं काहीतरी गार लागतं. बाहीखाली. हाताचं माप घेतल्यासारखं — बोटं, तळवा —

शुक्रवार, ६ मार्च

प्वातिए मागे पडलं. अरुंद रस्ता, पुढे लाकडांचा ट्रक, पंधरा मिनिटं त्याच्याच मागे. ओलांडता येत नाही, म्हणून वही काढली. भीती लिहिली की आटोक्यात राहते.

आजही आवाज नाही. क्लिफ मजेत. यंत्रांची डबी माझ्या मांडीवर.

समोर चढ. चढावरून दुधाचा टँकर येतोय, वेगात. येऊ दे, जाऊ दे. मग हात ठेवेन —

क्लिफ म्हणाला, "थँक यू, उर्सी."

गाडी डावीकडे — तो खाली बघून हसतोय, गुडघ्याकडे —

माझा एक हात वहीवर आहे. दुसऱ्या हातात पेन. मग त्याच्या गुडघ्यावर