तयार कोट

दि. ९ नोव्हेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. म्हणजे गुडघे आणि शिलाई मशीन दोन्ही कुरकुरतात, पण चालतात. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी महिनाभर तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे दिला.

तिच्याकडूनच कळलं की चोवीस तारखेला तू दोन वर्षांसाठी परदेशी निघतेस, आणि तिथे थंडी उणे तीसपर्यंत जाते. ऐकल्यावर पहिला विचार कोटाचा आला. शिंप्याला दुसरं काय सुचणार? जाड लोकरी कापड काढलं, खडू हातात घेतला आणि मापाच्या वहीत तुझं पान उघडलं. छाती बत्तीस, बाही एकवीस. वर लिहिलंय, 'शाळेचा शेवटचा गणवेश'. त्यानंतरचं तुझं माप माझ्याकडे नाही.

शिवाय खरं सांगायचं तर तिथल्या वाऱ्यापुढे माझ्या लोकरी कोटाचा निभाव लागायचा नाही. म्हणून काल जन्मात पहिल्यांदा तयार कपड्यांच्या दुकानात गेलो. अगदी चोरासारखा. माझं एखादं गिऱ्हाईक भेटलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती. तिथल्या मुलीनं विचारलं, "कुणासाठी हवाय काका?" म्हटलं, लेकीसाठी. "साइज काय त्यांचा?" चाळीस वर्षं लोकांना टेप लावतोय मी, आणि स्वतःच्या लेकीचं माप ठाऊक नाही. शेवटी म्हणालो, "तुझ्याएवढीच असेल." आहेस का गं तेवढी?

मग नऊ कोट उलटेपालटे करून पाहिले. ती पोरगी वैतागली असणार, पण एकेक काढून दाखवत राहिली बिचारी. तर नीट ऐक. कोट गुडघ्यापर्यंत हवा, कमरेवर संपणारा घेऊ नकोस. दिसायला छान असतो, पण मांड्या गारठतात. दुकानात जाताना जाड स्वेटर घालून जा आणि कोट त्याच्यावरच घालून बघ. दोन्ही हात वर कर, मनगट उघडं पडलं तर तो कोट परत ठेव. चेनवर कापडाची पट्टी हवी, नाहीतर चेनीच्या दातांतून वारा शिरतो. आतलं भरण शिवणीपाशी चिमटीत धरून बघ. तिथे नुसतं कापड लागलं तर थंडी तिथूनच आत येणार. कोटाची टोपी अशी हवी की मान वळवली तर तीही वळली पाहिजे. आणि रंगावर भाळू नकोस. लाल दिसला की तुला बाकी काही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

कोटाचं सांगून संपलं. आता पुढे लिहायलाच हवं.

आमच्या धंद्यात 'उद्या' हा शब्द फार. कापडाला कात्रीही लागलेली नसते, आणि आम्ही सांगतो, फक्त बटणं राहिलीत, उद्या या. तीन वर्षांपूर्वी तुझी आई दवाखान्यात अकरा दिवस होती. ती गेल्यावर तू आलीस, दवाखान्याच्या कागदावरची भरती केल्याची तारीख वाचलीस आणि मला विचारलंस, "बाबा, एक फोन करता आला नाही?" मी म्हणालो, "तिनंच नको म्हटलं. ठमीला धावपळ नको म्हणाली." तू पाणीसुद्धा न घेता निघून गेलीस.

ते खोटं होतं, ठमे. ती रोज तुला बोलवायला सांगत होती. सकाळी सांगायची, संध्याकाळी पुन्हा सांगायची. आणि मी म्हणायचो, "उद्या करतो फोन." नोकरीसाठी तू भांडून घर सोडलं होतंस, तर आधी तू नमतं घ्यावंस, हा माझा तोरा. आणि ती बरी होईल असंही वाटत होतं. तुझ्याकडून चार तासांचा तर रस्ता. शेवटच्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "तुमचा उद्या मला ठाऊक आहे हो." रागावून नाही, हसून म्हणाली. संध्याकाळी गेली.

तीन वर्षं तू काय समजून काढली असशील, याचाच विचार मशीनवर बसलो की करत असतो. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. आईला तू हवी होतीस, खूप हवी होतीस, एवढं तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

कोट तयारच घे, माझ्या कोटासाठी थांबू नकोस. फक्त एक आहे. आरशासमोर उभं राहिलं की पुढचं सगळं दिसतं, पाठ दिसत नाही. कापड खांद्यांमध्ये ताणलंय का, हे मागे उभं राहून दुसऱ्या कुणीतरी बघावं लागतं. मैत्रीण असेल तर तिला ने. कुणी नसेल तर मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येईन. मागे उभा राहून फक्त पाठ बघेन, बोलणार नाही. तू वळून पाहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
बाबा