चमेलीचं सातवं घर

जळगाव, ५ एप्रिल १९३६

आलं एकदाचं पहिलं गिऱ्हाईक! गल्लीच्या टोकाच्या शेठाणीबाई भाचीच्या लग्नाला मारवाडात निघाल्या. त्या येईपर्यंत त्यांची चमेली आमच्या मागच्या पडवीत. मांजर कसलं, लोडच! "बाई, जीव लाव हिला," म्हणाल्या नि डोळे पुसले.

हे कापसाच्या जिनिंगमधून आले ते दारातच थबकले. "लोक म्हशी पाळतात, तू परक्यांची मांजरं सांभाळ!" शेवटी तह झाला. पडवी माझी. पण एक जरी मांजर हरवलं तरी उद्योग बंद, पडवीत ह्यांची सायकल. बघूच.

८ एप्रिल

चमेलीला साय लागते. नुसती भाकर हुंगते नि तोंड फिरवते, महाराणी! ह्यांना म्हणे मांजरं आवडत नाहीत. मग ह्यांच्या बशीत दूध कुणी ओतून ठेवलं?

१४ एप्रिल

अगं बाई! तीन पिल्लं! तीही ह्यांच्या जुन्या कोटावर. आणि मी आपली समजत होते, सायीनं फुगलीय. हसून हसून पोट दुखलं. शेठाणीबाईंना तरी कुठे कळलं होतं!

२२ एप्रिल

सकाळी पडवी रिकामी. धाबं दणाणलं. शेजारचे घाणीवाले आबा हसतात, "मांजर पिल्लासले सात घर दखाडस, अक्का. यी जाई." सात घरं दाखवून येईल म्हणे! दुपारी त्यांच्याच सरकीच्या पोत्यांत सापडली. उचलून आणावी तर फिस्स करून अंगावर आली. राहू दे.

२५ एप्रिल

तिथूनही हलली. आधी शिंपीणबाईंच्या चिंध्यांत, मग राममंदिराच्या कोठीत. शिंपीणबाई रुसल्यात, "माझ्याकडे काय वाईट होतं?"

२८ एप्रिल

डॉक्टरांच्या माळ्यावर होती, तिथूनही गायब. कालपासून पत्ता नाही. हे सायकल पुसत बसलेत, जळ्ळं मेलं लक्षण! संध्याकाळी म्हणे "जरा फिरून येतो". आले तेव्हा टोपीला कोळिष्टकं. कुणाच्या माळ्यावर फिरायला गेले होते कोण जाणे!

१ मे

शेठाणीबाई उद्या येणार. काय तोंड दाखवू? पडवी जाईल ते जाईल, पण त्या बाईंनी जीव सोपवला होता...

२ मे

टांगा थांबला. मी सामोरी गेले, "शेठाणीबाई, एक सांगायचंय" एवढंच म्हटलं. त्यांनी घराचं कुलूप काढलं. आतून म्यांव! कौलांतून उतरून बया शेठाणीबाईंच्या गादीवर पसरलेली, तिन्ही पिल्लं पोटाशी. "म्हारी चमेली!" त्या रडतायत काय, हसतायत काय. मीही तशीच.

हे म्हणतात, हरवलं ते हरवलं. मी म्हणते, स्वतःच्या घरी गेली त्याला हरवणं म्हणतात होय? दोघंही हटेनात.

४ मे

बोटांवर मोजलं. आमची पडवी, आबा, शिंपीणबाई, देऊळ, डॉक्टर, शेठाणीबाई. सहाच झाली की! सातवं कुठलं?

सायकल अजून अंगणातच आहे. आणि पडवीचं दार कुणीतरी दगड लावून उघडं ठेवलंय. मी नाही ठेवलं.