रिकामा डबा परत देऊ नये

सिंगापूर, ९ फेब्रुवारी

ती. नंदाताईस प्रतापचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

बोटीवरच्या रुचिरनं तुझं लोणचं पोचवलं. फोनवर मी नुसते अंगठे पाठवतो म्हणून तुला कागद पाहिजे होता, घे.

तिकडं मोझांबिकची कोळशाची खाण बंद होणार ऐकून डोकं फिरलंय. गोदीत सुपरवायझर सांगत होता, मोठ्या देशांनी हवामानाचा करार केलाय, आता कोळशाला बँका पैसा देत नाहीत. म्हणजे कोळसा जाळला त्यांनी आणि चूल विझणार तुझ्या खाणावळीची. खाणवाले गेले तर जेवणार कोण? तू आणि श्रीनिवास भाऊजी इकडंच या. भाऊजींच्या कामाचं मी विचारलंय. नाहीतर मीच हे सोडून तिकडं येतो.

लोणच्याचा डबा ठेवून घेतलाय. आलीस की हातात देईन.

तुझा
प्रताप

मोझांबिक, १६ मार्च

चि. प्रतापला अनेक आशीर्वाद.

अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण पत्र आलं हेच खूप. खाण बंद झालीच. तुझ्या भाऊजींनी बाकडीसुद्धा विकायला काढली होती.

त्याच कराराचा थोडा पैसा उशिरा इथंही आला, गावाबाहेर सौरवीज केंद्र उभं राहतंय. तिथली मुकादम मार्ता, तिचा एक डबा माझ्याकडे राहिला होता. तुझ्याकडे निघण्याआधी परत करायचा, पण रिकामा कसा देणार? चवळीची उसळ आणि मक्याची भाकरी भरून दिला. दुसऱ्या दिवशी बाई तोच डबा घेऊन दारात. म्हणाली, "हा परत भर. आणि असे आणखी चाळीस."

खाणीतल्या सगळ्यांना काम नाही मिळालं रे, पुष्कळ घरांना कुलपं आहेत. पण आमची चूल पेटली. भाऊजी भाकऱ्या थापतात, एक गोल असेल तर शपथ. आम्ही इथंच राहतोय. तू धरसोड करू नकोस.

तुझी
ताई

सिंगापूर, २० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला. त्या आनंदात रविवारी पुलाउ उबीन बेटावर सायकल फिरवायला गेलो, तिची चेन तुटली, तरी ढकलत हसतच आलो. भाऊजी येत नाहीत म्हणून सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणतो, तू तरी टिक. टिकतो.

लोणचं केव्हाच संपलं, पण वास राहावा म्हणून डबा धुतला नव्हता. तू येशील असं वाटत होतं. काल घासला. रुचिरकडे दिलाय. आत इथले अननसाचे टार्ट आहेत, वरचे दोन मी खाल्ले, तेवढी जागा दिसेल.

डबा परत येऊ दे, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

तुझा
प्रताप