लोटांगण

पनवेल, रविवार

प्रिय इरा,

उलव्याला राहायला येऊन तुला वर्ष होत आलं, पण आपल्या सरावाच्या मैदानाकडे अजून फिरकली नाहीस. फोनवर धावण्याचा विषय निघाला की तू लगेच नव्या घराच्या पडद्यांवर घसरतेस. म्हणून हे पत्र. पत्राचा विषय बदलता येत नाही, बाईसाहेब!

मैदान आहे तिथेच आहे. चारी बाजूंनी इमारती उठल्यात, आता डोक्यावरून विमानंही जातात. मी शिकवते त्या मुली माना वर करून बघत बसतात आणि मी शिट्टी फुंकते. हो, आपल्या दीनानाथ सरांची शिट्टी आता माझ्या गळ्यात आहे. सर आता आपटा गावी भावाकडे असतात. मी भेटायला गेले की त्यांचा पहिला प्रश्न तुझाच. सराव मात्र अजून त्यांच्याच पद्धतीने सुरू होतो. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीने मागून घोटे घट्ट धरायचे आणि कंबर न वाकवता सावकाश पुढे झुकत जायचं. मांडीची मागची बाजू थरथरायला लागली, आता सावरत नाही असं झालं, की हात टेकायचे. ते झाल्याशिवाय स्पाइक्सच्या बुटांना हात लावायचा नाही.

घोटे धरणारीने हसायचं नाही, हाही सरांचा नियम. तो तू कधीच पाळला नाहीस. तुझी पकड सुटायची नि मी नाकावर गवतात. एकदा आई मासळीबाजारातून रिकामी पाटी घेऊन मला न्यायला आली होती, आठवतं? आपल्याला ओळीने आडवं होताना बघून म्हणाली, "कंच्या देवाला लोटांगन घालताव गो पोरींनो? हितं त देव पन नाय!" सर इतके हसले की तेव्हापासून त्या व्यायामाचं नावच लोटांगण पडलं. माझ्या मुलींना दुसरं नाव माहीतच नाही. त्या दिवसांची फार आठवण येते गं. काय जिंकलो, कुठे हरलो, सगळं पुसट झालंय. तुझ्या हातांची पकड मात्र घोट्यांना अजून आठवते.

मग तू मुंबईच्या कॉलेजात गेलीस. हॉस्टेलवर घोटे धरायला कुणी नव्हतं, तिथल्या कोचना या प्रकाराचं कौतुक नव्हतं. लोटांगण सुटलं. त्याच हिवाळ्यात शर्यतीच्या वळणावर तुझ्या मांडीचा स्नायू फाटला. दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून तू म्हणालीस, माझा पायच कच्चा. इरा, तुझा पाय कच्चा नव्हता. त्याची रोजची मशागत थांबली होती, एवढंच. लोटांगणाने दुखापत कायमची टळते असं मी म्हणणार नाही. पण मांडी धरून कडेला बसणाऱ्या मुली माझ्याकडे फार कमी झाल्यात, हे रोज डोळ्यांनी बघते.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. काल सकाळी तुझी ऋचा बसने मैदानावर आली होती. तिला रागावू नकोस. मी तिला शिकवलेलं नाही, तुझ्या होकाराशिवाय शिकवणारही नाही. फक्त एक हलकी फेरी पळू दिली. वळणावर तिचा डावा खांदा अगदी तुझ्यासारखा खाली जातो. मला रडूच फुटलं. निघताना ती बुजत म्हणाली, "मावशी, आई म्हणते आपल्या घरात पायच कच्चे असतात. खरंय का?" याचं उत्तर तू द्यायचंस. बाकीच्या मुलींच्या जोड्या लागल्यात, ऋचाच्या मागे बसायला कुणी नाही. येत्या रविवारी तिला घेऊन ये. घोटे तू धर. हसलीस तरी चालेल, पण या वेळी सोडू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
निशा