बोंडाऱ्याचा पाला

९ जून, रविवार
सात शेवळं आणली होती रानातून. दुपारी निवडायला बसले तर पाच. दोन कुठं गेली? नातीच्या खाटेखाली, ओल्या फडक्यात गुंडाळून. म्हणे चित्र काढायचं आहे. शेवळं ही रानभाजी, खायची वस्तू. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं रोहिणीला, तिथं हेच शिकवत असतील — आजीच्या टोपलीत हात कसा घालायचा.

सुट्टीला आल्यापासून रानात फिरते. एकेका झाडापुढं बसते आणि वहीत टिपते, तलाठ्यासारखी. लक्षण बरं नाही. पळसदरीच्या धरणाकडून बंगलेवाले जागा बघत इकडं सरकतायत. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण वास येतो मला.

आजपासून ही माझी वही तांदळाच्या डब्यात ठेवणार.

१० जून
आज सावरीपुढं तासभर. सावरीत बघण्यासारखं काय आहे?

११ जून, मंगळवार
ऐकलं! अंगणात फोनवर हळू बोलत होती. "दोन झाडं काढून झाली. आता घर काढते. मग आजीला काढायचं. नाही, तिला काही कळलं नाही अजून."

झाडं काढणार, घर काढणार, मग मला काढणार.

विकासला जेवताना पकडलं. माझा मुलगा, हिचा बाप.

"जागा विकलीस काय रं?"

"कोण बोललं?"

"तुझी पोर. झाडं काढली, घर काढायचं, मग म्हातारी."

असा हसला की भात नाकात गेला. "अगं आये, चित्र काढते ती. तुझं चित्र काढायचं हाय तिला. तुला जागची कोण काढणार? जेसीबी लागंल."

हसू दे. पण चित्रच काढायचं तर "तिला कळलं नाही" कशाला? आणि फोनवर होतं कोण?

१३ जून
रोहिणीची वही मागितली. लगेच दिली. "आपलं रान आणि घरातल्या आठवणी, असं काढतेय आजी. कॉलेजात लावणार आहेत."

एका पानावर मी आहे. तोंड आवळलेलं. बरोबर काढलंय, दुसऱ्या कुणाचं म्हणता येणार नाही. मग सावर, आंबा, माझी दोन शेवळं. शेवटच्या पानावर आमचं घर. दार बंद. दारापुढं एक बाई, पाठमोरी. पदरात पाला.

"कसला पाला गं?"

"बोंडाऱ्याचा."

"कशाला?"

"शेवळात घालायला," म्हणाली आणि जीभ चावली.

"कोण ही बाई?"

"अशीच. मनातली."

वही मिटून दिली. चहा केला. साखर घालायची राहिली.

१४ जून
नीट मांडून बघते.

शेवळं घसा खाजवतात. म्हणून त्यात काहीतरी घालावं लागतं. माझ्या घरात बावीस वर्षं काकडंच पडतात, रानातली ती आंबट हिरवी फळं. बोंडाऱ्याचा पालाही चालतो, पण तो मी घरात येऊ दिला नाही. नावही घेतलं नाही. रोहिणीचं वय वीस. तिनं ते इथं ऐकलेलं नाही.

बावीस वर्षांमागं, त्या वर्षी झाडांना काकडं धरलीच नव्हती. जना, माझी थोरली, खालापूरकडं दिली होती. नवरा मारायचा. दोनदा पळून आली, दोनदा मीच परत नेऊन घातली. तिसऱ्यांदा येताना लांबून दिसली तशी मी आतून कडी घातली. विकास शेतावर होता. मी फटीतून बघत होते. पदरात बोंडाऱ्याचा पाला. "आये, काकडं नसतील घरात. हा आणलाय," एवढंच म्हणाली. बराच वेळ उभी होती. मग पाला पायरीवर ठेवून गेली. सासरीही पोचली नाही.

मी वाडीत सांगितलं, कुणाबरोबर तरी पळाली. घरात सांगितलं, नाव घ्यायचं नाही. कडीचं कुणाला सांगितलं नाही.

म्हणजे बंद दार आणि पदरातला पाला दोघींनाच ठाऊक. मी तर बोलले नाही.

१५ जून
खात्री केली. विकासला विचारलं, शेवळात काय घालतात?

"काकडं."

"नसली तर?"

"नसली तर खायची नायत. डोकं दुखतं काय तुझं?"

याला काही ठाऊक नाही.

१६ जून, रविवार
पहाटेच बोंडारा तोडून आणला. ओढ्यापलीकडचं झाड, इतकी वर्षं वाट वाकडी करून जायचे. भाजी केली. रोहिणीला वाढली आणि समोर बसले.

दोन घास खाल्ले. "अगदी आत्याच्या हातची —" आणि थांबली.

"कुठं हाय ती?"

बापाकडं बघायला लागली. बापाचा घास हातातच.

"त्याच्याकडं काय बघतेस? माझ्याकडं बघ."

खोपोलीत आहे म्हणे, फोनवर तीच होती. बाजारात रानभाजी विकते. एकटीच राहते. ही तिथं चित्रं काढत बसली होती, तर जनानं हिचं नाक बघून विचारलं, "कुणाची गं तू?" माझंच नाक, दोघींना दिलेलं.

खोपोली! टेंपोनं तासाभराची वाट. मी तिला कुणाबरोबर पळवलं, आणि ती एवढ्यावर भाज्या निवडत बसलेली.

"काय म्हणते माझ्याबद्दल?"

"काही नाही आजी. एकच विचारते, सारखं. तो पाला तू टाकून दिलास का?"

मी ताट उचललं. ते भरलेलं होतं, नंतर कळलं.

१७ जून
रोहिणीनं बापाला कडीचं सांगितलं. विकास बोलत नाही. न बोलू दे.

१८ जून, मंगळवार
टाकला नव्हता. ती वळणाआड गेली तसा उचलला, धुतला, भाजीत घातला. विकासनं दोनदा मागून घेतली. कुणाचा घसा खाजला नाही.

हे रोहिणीनं फोनवर सांगायचं नाही. विकासनं मध्ये तोंड घालायचं नाही. घरात काकडं नाहीत, पाला घेऊन ये, एवढंच कळवायचं. आणि कडी वाजली की सगळ्यांनी जागेवर बसायचं. ओ मी देणार. दार मी उघडणार.